मामांच्या जुन्या लॅपटॉपचा बॅकअप : ड्राइव्ह निवडण्यापासूनच्या नोंदी

9 सप्टेंबर 2025, मंगळवार

काल रात्री साडेनऊला मामांचा फोन. "अगं, लॅपटॉप चालू होतो पण ओव्यांचं फोल्डर उघडलं की नुसता फिरत बसतो, आतून कर्र कर्र वाजतं, वेळ होईल तेव्हा बघून जा." वेळ होईल तेव्हा कसलं, आज ऑफिस सुटल्यावर सातपूरहून थेट पंचवटीत त्यांच्या घरी गेले (दोन्ही नाशिकमध्येच).

लॅपटॉप 2011 चा, सेकंड जनरेशन आय3, 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 7. बॅटरी केव्हाच गेलीये, अडॅप्टर काढला की बंद. नेट लावलेलं नाही आणि ते बरंच आहे, विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 लाच संपला.

त्यात काय आहे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे एका डिस्कसाठी एवढी धावपळ का ते नंतर वाचणाऱ्याला कळेल. मामा शाळेत मराठी शिकवायचे. 2009 ते 2016 दर सुट्टीला निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या गावांत जाऊन म्हाताऱ्या बायकांसमोर रेकॉर्डर ठेवायचे आणि जात्यावरच्या ओव्या गायला सांगायचे. सगळ्यात पहिल्या रेकॉर्डिंग आजीच्या आहेत, मामांच्या आईच्या. यातल्या बहुतेक बायका आता नाहीत. सीडी काढून ठेवल्या होत्या त्या 2019 च्या पुरात भिजल्या, घर तळमजल्यावर आणि गंगा, म्हणजे आमची गोदावरी, हाकेच्या अंतरावर. म्हणजे आज हे सगळं फक्त त्या एका डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

आज एकच काम केलं, लॅपटॉप बंद करून ठेवला. शेजारच्या मुलाने चेकडिस्क मारा, डीफ्रॅग करा असं सुचवलं होतं, मामांना हात जोडून सांगितलं की यातलं काहीही करू नका. डिस्क आजारी असेल तर तिच्याकडून आधी डेटा काढून घ्यायचा, दुरुस्तीचं नंतर बघू. चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, पूर्ण तपासणीला लावली की अख्खी डिस्क घासून वाचते आणि वर लिहितेसुद्धा, त्यात ती कायमची बसू शकते.

10 सप्टेंबर, बुधवार

पेन ड्राइव्हवरून क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम चालवला (इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते, तीच घ्यावी, आजारी डिस्कवर नवीन काही लिहायचं नाही). पिवळी खूण, सावधान. 05 च्या ओळीत शून्य, म्हणजे खराब सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या कप्प्याच्या) जागी डिस्कने अजून राखीव सेक्टर घेतलेले नाहीत, पण सी5 आणि सी6 या न वाचता येणाऱ्या सेक्टरांच्या दोन्ही ओळींत 10. हे आकडे हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात हे लक्षात ठेवायचं, 10 म्हणजे खरे 16. म्हणजे सोळा सेक्टर असे आहेत की डिस्कला ते वाचताच येत नाहीयेत. एक सेक्टर 512 बाइटचा, एकूण 8 केबी. ऐकायला काहीच नाही, पण हे 8 केबी नेमके कुठल्या फाइलमध्ये आहेत ते आत्ता सांगता येत नाही आणि आकडा वाढायला लागला की तो सहसा थांबत नाही.

म्हणून ड्राइव्ह कुठला घ्यायचा ते ठरेपर्यंत हातातल्या पेन ड्राइव्हवर जेवढं बसेल तेवढं आजच काढलं. आधी टाइप केलेल्या ओव्या, सगळ्या मिळून पावणेदोन जीबी. मग आजीचं फोल्डर. आजीचा एक व्हिडिओ 12 जीबीचा आहे, हॅंडीकॅमच्या टेपवरून उतरवलेला, तो 32 जीबीच्या पेन ड्राइव्हवर जाईचना, फाइल फार मोठी आहे म्हणे. जागा भरपूर होती! कारण पेन ड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही. दुसरा 64 चा एक्सफॅटमध्ये होता, त्या फॉरमॅटला ही मर्यादा नाही, त्यावर गेली. बाहेर पाऊस आणि दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टर होता म्हणून बरं, नाहीतर मध्येच बंद पडला असता.

रात्री अकराला घरी. आजीचा आवाज आता दोन ठिकाणी आहे एवढं समाधान.

13 सप्टेंबर, शनिवार

ड्राइव्ह केवढा घ्यायचा याच्या आधी डेटा किती आहे ते मोजलं. फोल्डर धरून आकडे घेतले, काही उघडून बघितलं नाही.

रेकॉर्डिंग 89 जीबी. मामांनी सगळं डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवलंय, कॉम्प्रेस न करता, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, स्टिरिओ, तासाला साधारण 635 एमबी पडतात, म्हणजे हे जवळपास 140 तास झाले. फोटो 61 जीबी. व्हिडिओ 47 जीबी. टाइप केलेलं पावणेदोन. एकूण 200 जीबीच्या आत.

मामा म्हणाले, "मग 2 टीबीचा घेऊन टाक, एकदाच काय ते." मला ते पटलं नाही. दोनशे जीबीला 2 टीबीचा एक घेण्यापेक्षा तेवढ्याच पैशात थोडी भर घालून दोन लहान घ्यावेत, कारण एक ड्राइव्ह कितीही मोठा असला तरी तो एकच. पडला, पाण्यात गेला, चोरीला गेला की संपलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, असा एक जुना नियम आहे आणि मामांच्या घराला तो जरा जास्तच लागू पडतो. 2008 ला पाणी गल्लीत आलं होतं, 2019 ला घरात. दुतोंड्या मारुतीच्या (नदीतली मूर्ती, तिच्यावरून नाशिककर पूर मोजतात) कुठवर पाणी चढलंय ते विचारत जिथे पावसाळा काढतात, त्या घरात दोन्ही प्रती ठेवून काय उपयोग?

14 सप्टेंबर, रविवार

आजचा अख्खा दिवस फॉन्टमध्ये गेला, आणि हे कुठेच कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

परवा पेन ड्राइव्हवर घेतलेल्या वर्डच्या फाइली माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं, कंस, टक्क्याचं चिन्ह, डॉलर, काही लागेना. छातीत धस्सच झालं. मग लक्षात आलं, मामांनी 2009 पासून श्रीलिपीत टाइप केलंय, आणि त्याच्या आधीच्या काही फाइली आयएसएमच्या सुरेख आणि योगेश फॉन्टमध्ये आहेत (दोन्ही जुनी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर). हे युनिकोड नाही, म्हणजे आजची ती पद्धत नाही जिच्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. फाइलमध्ये खरोखर इंग्रजीचीच अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट नसला की रूप गेलं, उरतं ते कडबोळं. म्हणजे आपण फाइली अगदी इमानदारीत कॉपी केल्या, एकही बाइट हलला नाही, तरी दहा वर्षांनी त्या कोणाला वाचता येणार नाहीत. ज्यांच्या घरात 2010 च्या आधीचं मराठी टायपिंग आहे, लग्नपत्रिका छापणारे, डीटीपीवाले, शाळांचे जुने निकाल, त्या सगळ्यांचा हाच प्रश्न आहे.

काय केलं: मामांच्या लॅपटॉपवरून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधले ते सगळे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये घेतले. माझ्या मशीनवर टाकून बघितले, फाइली लगेच सरळ उघडल्या. मग प्रत्येक फाइलची पीडीएफ काढायला घेतली, पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो त्यामुळे ती कुठेही तशीच दिसते. युनिकोडमध्ये बदलायचं काम पुढे सावकाश करू, त्यात कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार चुकवतात, एकेक ओळ तपासावी लागते आणि ते मामाच करू शकतात, "दळण" आणि "दळणं" यातला फरक मशीनला कळत नाही.

बॅकअपच्या यादीत भर: फॉन्ट फोल्डर.

16 सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस रात्री वाचत बसले. मला जे कळलं ते माझ्या शब्दांत.

लॅपटॉपला तीन यूएसबी पोर्ट, तिन्ही काळे, तिन्ही 2.0. यूएसबी 2.0 कागदावर 480 मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला 30 ते 35 एमबी. त्यामुळे "हजार एमबीचा स्पीड" असं लिहिलेली एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राइव्ह) घेतली तरी या लॅपटॉपवर ती 30-35 नेच चालणार, पाइप बारीक आहे तर टाकी केवढी का असेना. हिशोब केला: 200 जीबी भागिले 30, जेमतेम दोन तास. निळा, यूएसबी 3.0 चा पोर्ट असता तर हार्ड डिस्कवरसुद्धा अर्ध्या-पाऊण तासात झालं असतं. पण पहिला पूर्ण बॅकअप एकदाच करायचाय, दोन तास बसायला मला काही अडचण नाही. स्पीडसाठी पैसे घालायचे नाहीत हे पक्कं.

आता हार्ड डिस्क का एसएसडी. पोर्टेबल हार्ड डिस्क स्वस्त, कपाटात वर्षभर पडून राहिली तरी डेटा जाण्याची भीती कमी, पण चालू असताना धक्का लागला की गेली. शिवाय तिला मोटर असते आणि सुरू होताना ती एकदम जास्त करंट ओढते. यूएसबी 2.0 चा पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतो, 3.0 चा 900. जुना लॅपटॉप, जुने पोर्ट, इथे अडचण येऊ शकते. एसएसडीला मोटर नाही, पडली तरी सहसा काही होत नाही, पण तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात असतो, तो वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिला तर हळूहळू उतरतो, विशेषतः गरम जागी. आणि एसएसडी जाते तेव्हा बऱ्याचदा काही न सांगता जाते, कर्र कर्र करून आधी कळवत नाही.

म्हणजे घराबाहेर कपाटात ठेवायची प्रत हार्ड डिस्कवर, आणि मामांच्या रोजच्या वापराची, दर पंधरवड्याला लावली जाणारी प्रत एसएसडीवर. दोन वेगळे प्रकारही झाले.

स्वस्तातल्या पोर्टेबल हार्ड डिस्क बहुतेक एसएमआर प्रकारच्या असतात, म्हणजे कौलं बसवावीत तसे ट्रॅक एकमेकांवर थोडे चढवलेले, त्यामुळे तेच तेच पुसून परत लिहिलं की फार मंदावतात. एकदा भरून ठेवायला काही फरक पडत नाही. दुसरं, काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या बोर्डवरच सोल्डर केलेला असतो, आत सॅटाचा, म्हणजे डिस्क कॉम्प्युटरला जोडायचा नेहमीचा जोड नसतोच. सॉकेट तुटला तर डिस्क काढून दुसऱ्या केसिंगमध्ये घालता येत नाही. म्हणून एसएसडी मी तयार पोर्टेबल न घेता साधी अडीच इंची सॅटा एसएसडी आणि वेगळं केसिंग असं घेणार, केसिंग बिघडलं तर फक्त तेच बदलायचं, आत डेटा सुखरूप.

क्लाउडचंही बघितलं. गूगलवर फुकट 15 जीबी, त्यात टाइप केलेलं आणि पीडीएफ आरामात बसतं, ते माझ्या मशीनवरून चढवलं. रेकॉर्डिंगला पुरणार नाही.

भावाने एक लिंक पाठवली, 2 टीबी एसएसडी चौदाशे रुपयात. नाही म्हणजे नाही. असल्या वस्तू आतून छोट्या मेमरी कार्डाच्या असतात आणि कॉम्प्युटरला खोटी साइज सांगतात. कॉपी झाल्यासारखं दिसतं, नावं दिसतात, आत काही नसतं. ओव्या असल्या डब्यात जाऊ द्यायच्या नाहीत.

17 सप्टेंबर, बुधवार

खरेदीला निघणार तर मामी म्हणाल्या, "पितृपक्ष चालू आहे, नवीन वस्तू आत्ता नको, सोमवारी घटस्थापना आहे, त्या दिवशी आण." मामींचं म्हणणं मी कधी मोडत नाही, आणि पाच दिवस तर आहेत. पण डिस्कचा आकडा आज परत बघितला, सी5 आता 18. हेक्सच, म्हणजे 24. आठवड्यात सोळाचे चोवीस.

मी काही बोलायच्या आत मामाच बोलले. "आईचा आवाज वाचवायचाय. याच्याहून पितरांचं काम दुसरं कुठलं असतं?" मामी थोडा वेळ गप्प बसल्या, मग आत जाऊन पैसे घेऊन आल्या, स्वतःच्या डब्यातले.

18 सप्टेंबर, गुरुवार

अर्धा दिवस सुट्टी टाकून एमजी रोडला. लॅपटॉप आणि अडॅप्टर दोन्ही घेऊन गेले, ज्याला जोडायचंय त्यालाच दुकानात लावून बघायचं, हे सगळ्यांनी करावं.

हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा, त्यामुळे ब्रँडवर मी फार वेळ घालवला नाही. वॉरंटी तीन वर्षांची आणि पक्कं बिल, एवढं बघितलं. वॉरंटीत वस्तू बदलून मिळते, डेटा मिळत नाही, हेही मामांना सांगितलं.

दुकानातल्या मुलाने 1 टीबीची हार्ड डिस्क उजवीकडच्या पोर्टला लावली. लाइट लागला, आतून टिक्, टिक्, टिक्, आणि लाइट गेला. परत लावली, तेच. मामांचा चेहरा उतरला, त्यांना वाटलं नवीन डिस्कही खराब. मी हात लावून बघितला, डिस्क फिरायला घेतेय आणि अर्ध्यात सोडतेय, बोटांना कळतं ते, हलकासा झटका आणि मग काही नाही. तीच डिस्क दुकानाच्या कॉम्प्युटरला निळ्या पोर्टवर लावली तर शांतपणे सुरू. म्हणजे डिस्क ठीक, लॅपटॉपचा पोर्टच करंट देत नाहीये. डावीकडच्या पोर्टला लावून माउस काढला तेव्हा सुरू झाली, पण दहा मिनिटांनी परत टिक् टिक्. कॉपी चालू असताना हे झालं असतं तर?

मुलगा म्हणाला, "मॅडम, हिला पॉवरवाला हब लावा, वेगळ्या अडॅप्टरचा, डिस्क करंट हबमधून घेईल, लॅपटॉपकडून फक्त डेटा." लावून दाखवला. अर्धा तास तिथेच उभं राहून कॉपी करून बघितलं, एकदाही थांबली नाही. दुकानदाराने खुर्ची दिली मामांना, चहा मागवला. असा वेळ दिला म्हणून मी घासाघीस केली नाही.

घेतलं: 1 टीबी पोर्टेबल हार्ड डिस्क, 480 जीबीची सॅटा एसएसडी, केसिंग, पॉवरवाला हब. सगळं मिळून अकरा हजारांच्या आत बसलं. एसएसडी केसिंगमध्ये घालून लॅपटॉपच्या तिन्ही पोर्टला लावून बघितली, तिन्हीकडे चालली.

रात्री दोन्ही ड्राइव्ह माझ्या मशीनवर तपासायला लावले, एच2टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरायचं आणि परत वाचायचं. डेटा टाकायच्या आधीच खोटी साइज किंवा खराब जागा कळते. 1 टीबी 931 दिसतं म्हणून मामांनी फोन करून विचारलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024 च्या, वस्तू तेवढीच आहे.

20 सप्टेंबर, शनिवार

मुख्य कॉपी. हार्ड डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट केली, मामांकडे आणि माझ्याकडे दोन्हीकडे विंडोजच आहे आणि मध्येच लाइट गेली तर एनटीएफएस एक्सफॅटपेक्षा सावरून घेतं. पासवर्ड, एन्क्रिप्शन काही नाही. हा डेटा लपवायचा नाही, टिकवायचाय, आणि किल्ली हरवली म्हणून ओव्या बंद पडायला नकोत.

माउसने ओढून टाकण्याऐवजी रोबोकॉपी हे कमांड देऊन कॉपी करायचं साधन वापरलं, विंडोज 7 मध्ये ते आहेच. पण एक लक्षात ठेवा, न वाचता येणारी फाइल आली की ते मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं आणि दर वेळी 30 सेकंद थांबतं! म्हणून प्रयत्न 1, थांबणं 1 सेकंद असं सांगून टाकलं, आणि लॉग फाइल. त्यातला मिरर हा पर्याय मात्र वापरायचा नाही, मूळ जागी फाइल नसेल तर ते प्रतीतूनही उडवतं.

सकाळी दहाला सुरू, लॅपटॉप दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवला, समोर टेबलफॅन. लॅपटॉपचं आपोआप स्लीपमध्ये जायचं सेटिंग बंद. सुरुवातीला सेकंदाला 31 एमबी, फोटोंच्या लहान फाइली आल्या तेव्हा 12 वर आलं. मामींनी साबुदाण्याची खिचडी केली होती, मी ताट घेऊन तिथेच बसले. दुपारी अडीचला संपलं. लॉगमध्ये तीन फाइली गेलेल्या नाहीत, तिन्ही डब्ल्यूएव्ही. नावं वाचून मामा उठून बाहेर गेले. तिसरी आजीची होती, 2010 ची, 10 तारखेला पेन ड्राइव्हवर घेतलेल्या फोल्डरमध्ये नव्हती, मामांनी ती चुकून दिंडोरीच्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

21 सप्टेंबर, रविवार

लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, मूळ डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली आणि त्या तीन फाइलींवर डीडीरेस्क्यू लावलं. हे आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अडलेल्या जागी शेवटी परत परत जातं, कुठे अडलं त्याचा नकाशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवलं तरी पुन्हा तिथूनच.

पहिली फाइल चौथ्या फेरीत पूर्ण आली. दुसरी अकराव्या फेरीत. आजीची आली नाही. बेचाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधले 4,096 बाइट वीस फेऱ्यांनंतरही नाहीत. मग मी थांबवलं, आता डिस्कला अजून त्रास द्यायचा नाही.

मग बसून हिशोब केला. सेकंदाला 1,76,400 बाइट. म्हणजे 4,096 बाइट म्हणजे सेकंदाचा त्रेचाळिसावा भाग. बाकी सगळं जसंच्या तसं. मामांना हेडफोन दिला आणि ती जागा लावली, चौदा मिनिटं आठ सेकंद. जात्याची घरघर, आजीचा आवाज, एक बारीक टिक्, आणि आजी पुढे गात राहते. ओवीतलं एक अक्षरसुद्धा गेलेलं नाही. मामांनी तीनदा ऐकलं. मग म्हणाले, "डब्ल्यूएव्हीत ठेवलं ते बरं केलं ना मी?" हो मामा, फार बरं केलं. साध्या डब्ल्यूएव्हीत छोटं भोक पडलं तर तेवढंच जातं, हेच सगळं एका झिपमध्ये बांधून ठेवलं असतं तर अख्खी फाइल अडकू शकली असती.

24 सप्टेंबर, बुधवार

दुसरी प्रत एसएसडीवर. ती जुन्या लॅपटॉपवरून नाही केली, हार्ड डिस्क माझ्या मशीनला लावून तिथून एसएसडीवर, निळ्या पोर्टवर पस्तीस मिनिटांत झालं. मग दोन्हीकडच्या सगळ्या फाइलींचे हॅश काढून जुळवले. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा, एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. सगळे जुळले.

पण ठसे जुळले म्हणजे उघडतंच असं नाही, फॉन्टने ते शिकवलंच आहे. म्हणून प्रत्येक फोल्डरमधल्या पाच-पाच फाइली खरोखर उघडून, ऐकून बघितल्या.

28 सप्टेंबर, रविवार

रात्रभर पाऊस, गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, गंगेला पूर. सकाळीच मामांना फोन केला. ते म्हणाले, "सामान वर नेतोय. लॅपटॉप माळ्यावर ठेवलाय. हार्ड डिस्क तुझ्याकडे आहे ना?" आहे. इंदिरानगरला, तिसऱ्या मजल्यावर, कपड्यांच्या कपाटात, फोमच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून. एसएसडी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

12 ऑक्टोबर, रविवार

पाणी घरात शिरलं नाही. आज मामांसोबत बसून दोन्ही ड्राइव्हवर एक फाइल लिहिली, नाव "आधी हे वाचा", साध्या टेक्स्टमध्ये आणि युनिकोडमध्ये, म्हणजे पुढे कोणत्याही मशीनवर उघडेल. कुठल्या फोल्डरमध्ये कुठलं गाव, कुठल्या फाइलीला कुठला फॉन्ट, प्रत कधी केली, दुसरी प्रत कोणाकडे आहे, तपासणी दर तीन महिन्यांनी, पुढची 11 जानेवारी 2026 ला. एसएसडी मामा दर एकादशीला लावणार, तारीख लक्षात राहते म्हणून त्यांनीच तसं ठरवलं.

मी सेव्ह करणार तेवढ्यात त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत शेवटची ओळ टाइप केली: "आई, 2010, दिंडोरी फोल्डर, 14 मिनिटे 8 सेकंद. येथे येणारा टिक् हा आवाज डिस्कचा आहे, जात्याचा नाही."